पेशंटसोबत कोण आहे?

कर्करोगाच्या ओपीडीत नाव पुकारलं की दोन माणसं उठतात. एकाचं नाव केसपेपरवर असतं, दुसऱ्याच्या हातात केसपेपर असतो. जुन्या रिपोर्टांची पिशवी, डबा, पाण्याची बाटली, रक्त कुठल्या मजल्यावर द्यायचं याची माहिती, सगळं त्या दुसऱ्याकडे. 'पेशंटसोबत कोण आहे?' असं विचारलं की तो पुढे होतो, सही करतो, पुन्हा मागे सरतो. त्याला मराठीत धड नावही नाही. 'काळजीवाहू' हा शब्द आपण निवडणुकीआधीच्या सरकारला देऊन टाकला. दवाखान्यात तो नुसता 'नातेवाईक'.

संशोधकही त्याच्याकडे वळले ते आडवाटेनं. १९८० मध्ये अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरच्यांसाठी २९ प्रश्नांची यादी तयार केली. पुढे ती २२ प्रश्नांवर आली आणि कर्करोगाच्या अभ्यासांतही वापरली जाऊ लागली. १९८०च्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे पै आणि कपूर यांची मुलाखतीची पद्धत प्रसिद्ध झाली. तीही मानसिक रुग्णांच्या कुटुंबांसाठी. दोन्हींतला फरक मला मोठा बोलका वाटतो. झॅरिटची यादी एका माणसाला विचारते, तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरतो का? पै-कपूर अख्ख्या घराची झडती घेतात: पैसा, रोजचे व्यवहार, विरंगुळा, आपापसातले संबंध, इतरांच्या शरीराची आणि मनाची तब्येत.

अख्ख्या घराला विचारणं आपल्याकडे जास्त लागू पडतं. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला 'ओझं वाटतं का?' असं विचारलं, तर ती काय सांगणार? 'नाही' म्हणणार, आणि त्या 'नाही'तून काहीच कळणार नाही. तिची रजा किती झाली, धाकट्याची शिकवणी का सुटली, ती शेवटची सलग कधी झोपली, हे विचारलं तर उत्तरं मिळतात.

पण सेवा करणारा खरंच झिजतो का? १९९९ मध्ये शुल्झ आणि बीच यांनी ६६ ते ९६ वर्षं वयाच्या, जोडीदारासोबत राहणाऱ्यांचा अभ्यास मांडला. सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा चार वर्षांत ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला, पण त्याच्या खालची ओळ मागे पडली: सेवा करूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नव्हती. २०१३ मध्ये रॉथ आणि सहकाऱ्यांनी ३,५०३ सेवाकर्त्यांची तुलना त्यांच्यासारख्याच इतरांशी केली, तेव्हा सहा वर्षांत सेवा करणाऱ्यांचा मृत्युदर उलट १८ टक्क्यांनी कमीच निघाला. हे दोन्ही अभ्यास फक्त कर्करोगाचे नव्हेत. तरी एवढं दिसतं की माणूस नुसत्या सेवेनं खचत नाही, तिचा ताण जाणवू लागला की खचतो.

ताणाची एक जागा आपल्या ओळखीची आहे. 'बाबांना सांगू नका,' असं मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतो. बाबांना बहुधा कळलेलं असतं; तेही मुलासाठी गप्प राहतात. घरात दोघंजण एकच गुपित एकमेकांपासून लपवत राहतात आणि डबा, गोळ्या, क्रिकेट यांवर बोलतात. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. सेवा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. या घरांत सेवा भरपूर असते, ऐकणं तेवढं बंद पडलेलं असतं.

ताणाची दुसरी जागा घराबाहेरची. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. उपचाराला देशभरातून माणसं येतात, आणि सोबत्यांचा पहिला प्रश्न औषधांइतकाच राहण्याचा असतो. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही नावं गावोगावच्या लोकांना तोंडपाठ असतात. कर्करोगानं आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड या संस्थेचं काम सुरू झालं. तिथे प्रत्येक कुटुंबाला राहायला स्वतंत्र जागा मिळते आणि स्वयंपाकघर सामायिक असतं. शेजारच्या शेगडीवर भात टाकणाऱ्या बाईचं मूल तिसऱ्या केमोत असतं, आपलं पहिल्या. तोंड आलं की काय खायला द्यायचं, हे तिथेच कळतं. रेल्वेनंही सोबत्याची दखल घेतली आहे. उपचारासाठी जाताना रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत, सोबत्याला ७५ टक्के.

ही मदत खरी आहे, पण ती मुंबईत आल्यावर मिळते. गावी परतलेल्या माणसाचं काय? अमेरिकेतल्या 'एनेबल-३' या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बळावलेला कर्करोग असलेल्यांच्या १२२ सेवाकर्त्यांपैकी निम्म्यांना अभ्यासात सामील झाल्यावर लगेच आधार दिला, उरलेल्यांना तीन महिन्यांनी. आधार म्हणजे काय, तर प्रशिक्षित परिचारिकेचा आठवड्याला एक, असे तीन फोन, आणि पुढे महिन्याला एक. तीन महिन्यांनी आधी फोन गेलेल्यांमध्ये नैराश्य कमी दिसलं. ओझ्याच्या आणि जीवनमानाच्या मोजमापांत तेव्हा फारसा फरक पडला नव्हता, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

परळहून गावी परतणाऱ्या सोबत्याच्या खिशात मोबाइल असतो. रुग्णालयाच्या फाइलवर त्याचा नंबरही लिहिलेला असतो, पुढच्या तारखेला कुणी आलं नाही तर लावण्यासाठी.