बैलाचा स्वभाव : रक्ताचा किती, हाताचा किती ?

गळीत हंगाम तोंडावर आला, की सभासद बंधू गाडीसाठी जोडी पाहू लागतात. दात, खूर, खांदा सगळे पाहतात. स्वभावाची चौकशी मात्र सौदा झाल्यावर. वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरांच्या गर्दीत भरल्या गाडीचा बैल बुजून उधळला, तर गाडीवानाच्या जिवावर बेततं, हे विसरू नये.

जातीप्रमाणे स्वभाव वेगळा. माणदेश-सोलापूरकडचा खिलार चपळ आणि काटक, पण तापट. परक्या माणसाला पटकन जवळ येऊ देत नाही. लातूरकडचा देवणी गरीब. त्यात गीर आणि डांगी रक्त असल्याचे मानतात. इगतपुरी-अकोल्याच्या धो-धो पावसात टिकणारा डांगी चालीला धीमा, पण शांत.

तरी एकाच जातीचे दोन गोऱ्हे सारखे नसतात. मांसासाठी पाळलेल्या गुरांचा स्वभाव मोजण्याची एक सोपी रीत ऑस्ट्रेलियात १९८८ साली प्रसिद्ध झाली. जनावर खोड्यातून सुटताना किती वेगाने पळते, ते मोजायचे. जितका वेग जास्त, तितके जनावर बुजरे. अशा मोजण्यांतून दिसून आले, की बुजरेपणा काही अंशी आईबापांकडून येतो.

वासरात निम्मं रक्त वळूचं, निम्मं गाईचं. तेव्हा गाय दाखवताना वळू मारका नाही ना, हे जरूर विचारा. बाकीचं आपल्या हातात आहे. गोऱ्ह्याच्या अंगावरून लहानपणापासून हात फिरवा, चाबूक आवरा. जनावर मार विसरत नाही.