शेतांतील खांब आणि तारेचा कायदा

शेतांत खांब रोवणारे लोक येऊन उभे राहिले म्हणजे शेतकरी कचेरीकडे धांव घेतो, हें आम्ही महसुलाची कारकुनी करीत असतां पुष्कळदां पाहिलें. अर्ज लिहिण्यापूर्वीं एक गोष्ट विचारावी: खांब कोणत्या कायद्यानें उभा राहत आहे? कारण कायदा आतां सर्व खांबांस एक नाहीं.

इ. स. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्याच्या १० व्या कलमानें तारखात्यास खासगी जमिनीवरून तार नेण्याचा व खांब रोवण्याचा अधिकार दिला. धन्याची संमति आवश्यक नव्हती. मात्र हक्क केवळ वापराचा. नुकसान होईल तितकें कमी करावें व झालेल्याची पुरी भरपाई द्यावी, अशीं बंधनें होतीं. रकमेविषयीं तंटा पडल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागण्याची सोय १६ व्या कलमांत आहे.

पुढें दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचीं वाटेच्या हक्काचीं कलमें ता. २६ जून २०२४ पासून, व नियम ता. १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आले. आतां टेलिफोनच्या तारेसाठीं किंवा मोबाइलच्या टॉवरसाठीं कंपनीनें प्रथम धन्याकडे अर्ज करावा व मोबदला ठरवून करार करावा, असें ठरलें आहे. धन्यानें नकार दिल्यास, सार्वजनिक हितास जरूर वाटल्यावर, केंद्र सरकारास तो हक्क मिळवितां येतो. जमिनीची मालकी मात्र कंपनीकडे जात नाहीं.

विजेच्या मोठ्या वाहिन्यांची गोष्ट निराळी. २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ व्या कलमानें तारखात्याचे जुने अधिकार वाहिनी नेणारांस देतां येतात, आणि नव्या कायद्यानें तेवढ्यापुरता १८८५ चा भाग राखून ठेविला आहे. तेथें ‘संमति घेतली नाहीं’ ही तक्रार दुबळी पडते. पीक, झाडें, विहीर यांच्या नुकसानीचा पुरावा कामास येतो.

म्हणून येणारापाशीं लेखी हुकूम मागावा व त्यांतील कायद्याचें नांव आणि कलम उतरून घ्यावें. खड्डा खणण्यापूर्वीं पिकाचा व झाडांचा पंचनामा करवून नक्कल जवळ ठेवावी. टॉवरच्या करारांत मोबदला, मुदत, येण्याजाण्याची वाट व शेवटीं जमीन पूर्ववत् करून देण्याची अट लिहिली आहे, हें पाहिल्याशिवाय सही करूं नये. आमच्या हातांखालून गेलेले पुष्कळ खरे अर्ज केवळ कागदाअभावीं फेटाळले गेले, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.