सागवानाच्या मुलखात लाकडी जमीन

गेल्या उन्हाळ्यात एक शिक्षक दांपत्य दवाखान्यात आले, ते पिशवीत लाकडी फळ्यांचे चार नमुने घेऊन. घरातील आजींच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया दोन महिन्यांपूर्वी झाली होती. न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर येताना चकचकीत फरशीवर त्या घसरल्या होत्या. नागभीडमध्ये बांधत असलेल्या नव्या घरात सर्वत्र लाकडी जमीन करावी, म्हणजे हा धोका कायमचा टळेल, असे दोघांनी ठरवले होते. ‘यांतले कोणते घ्यावे?’ हा प्रश्न खरे तर सुताराचा. परंतु पडणे आणि हाड मोडणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग असल्याने मी नमुने हातात घेतले.

चारांपैकी तीन अस्सल लाकूड नव्हतेच. लाकडाचे तंतू राळेत मिसळून दाबलेला पाट आणि त्यावर सागाच्या रेषांचे चित्र छापलेला कागद, असे त्याचे स्वरूप असते. याला लॅमिनेट म्हणतात, पण दुकानात ते ‘वुडन फ्लोअरिंग’ या नावानेच पुढे येते. त्याच्या सांध्यांत पाणी शिरले की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पाटातील राळेतून फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढू शकतो. घरातील हवेत या वायूचे प्रमाण अर्ध्या तासाच्या सरासरीत घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दिली. लॅमिनेट घ्यायचेच असेल, तर पाटाच्या प्रतीची ‘ई-१’ किंवा त्याहून चांगली ‘ई-०’ ही खूण पाहून घ्यावी.

चौथा नमुना सागवानाचा होता. बल्लारशा आणि आलापल्लीच्या सागाची थोरवी आम्हा चंद्रपूरकरांना कोणी सांगावी लागत नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली येथूनच लाकूड गेले. आमच्या जुन्या घरांची दारे, चौकटी, खांब सारे सागाचे. फळ्यांची जमीन मात्र दिसे ती माडीवर; तळाची जमीन मातीची आणि शेणाने सारवलेली. आपल्या वाडवडिलांना लाकूड कमी पडत होते म्हणून असे झाले नाही. तळातील ओल आणि वाळवी त्यांना ठाऊक होती.

आमचा भाग धानाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लगेच पुढच्या महिन्यात बांधीत पाणी साचू लागते. लाकूड उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. तळमजल्यावर तर खालून ओलही चढते. मग फळ्यांत फटी पडतात आणि फटींत धूळ, झुरळे, प्रसंगी विंचूही आसरा घेतो. फळ्या पट्ट्यांवर ठोकून खाली पोकळी ठेवली, तर धानाच्या कापणीनंतर घरात येणाऱ्या उंदरांना आयते बीळ मिळते, आणि उंदरांमागे साप येतो. सर्पदंशाचे रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरला ही भीती अतिशयोक्तीची वाटत नाही.

‘पण लाकडावर पडले तर हाड मोडत नाही म्हणतात ना?’ शिक्षिकाबाईंनी विचारले. यात तथ्य आहे. इंग्लंडमधील ३४ वृद्धनिवासांत दोन वर्षे पडण्याच्या घटनांची नोंद ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. खाली लाकडी तळ आणि वर गालिचा असलेल्या जमिनीवर पडल्यास खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. मात्र तेथे किंचित नमणारा तळच लाकडाचा होता. आपण सिमेंटच्या कोब्यावर पातळ फळी चिकटवतो. त्या फळीखाली नमण्याजोगे काहीच नसते. शिवाय गुळगुळीत पॉलिश केलेले लाकूड ओले झाले की फरशीइतकेच निसरडे होते.

म्हणून आजींच्या तळमजल्यावरील खोलीसाठी मी खरबरीत, चमक नसलेली टाइल सुचवली. टाइलच्या खोक्यावर घसरणरोधाचा ‘आर’ अंक असतो. खोलीला आर-१० आणि न्हाणीघराला आर-११ मागावा. भिंतीला पकडायला दांडी आणि रात्री पेटता राहणारा मंद दिवा हवाच. पायपुसणे रबरी तळाचे असावे. सैल गोधडीची घडी पायपुसणे म्हणून टाकण्याची आपली सवय फार घातक आहे.

वरच्या मजल्यावरील शयनगृहात सागाची फळी खुशाल घालावी. लिलावाची पावती आणि वाहतूक परवाना पाहूनच लाकूड घ्यावे. फळी गाभ्याची, तपकिरी रंगाची असावी. बाहेरच्या पांढरट भागाला वाळवी सोडत नाही. सागाला वाळवीपासून जपणारी द्रव्ये क्विनोन वर्गातील असतात. गंमत अशी की, त्याच वर्गातील द्रव्यांनी काही सुतारांच्या हातांना खाज सुटते आणि पुरळ येते. असे हात मी अनेकदा तपासले आहेत. लाकडाची बारीक धूळ तर त्याहून वाईट. नाकाच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती निश्चित कर्करोगकारक गटात घातली आहे. घासकाम चालू असताना कारागिरांना चांगला मास्क द्यावा आणि मुलांना त्या मजल्यावर जाऊ देऊ नये. पॉलिश शक्यतो पाण्यात मिसळणारे घ्यावे. ते झाल्यावर दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गर्भवती स्त्री आणि दम्याचा रुग्ण यांनी तेवढे दिवस तेथे झोपू नये.

दिवाळीत ते कुटुंब नव्या घरी राहायला गेले. सारे ठरल्याप्रमाणे झाले. वाद झाला तो उंबरठ्यांवरून. ‘उंबरठ्याविना घर कसले?’ आजी ऐकेनात. अखेर दर्शनी दाराचा सागवानी उंबरठा राहिला, त्यावर पिवळ्या रंगाची रुंद पट्टी आली, आणि न्हाणीघराचा उंबरठा काढून तेथे अलगद उतार दिला गेला. परवा तपासणीला आल्या तेव्हा त्यांच्या हातात काठी होती आणि पायांत रबरी तळाच्या चपला.