अराकिस: एकाच धाग्याचे अन्नजाळे

विहीर खणली की तळाशी पाणी झिरपू लागते. थोड्याच वेळात झरा थांबतो आणि पुन्हा कधीच वाहत नाही, जणू कुणी आतून बूच मारले आहे. अराकिस ग्रहावर जिथे जिथे खोल खणले तिथे तिथे हेच घडले. अमेरिकी लेखक फ्रँक हर्बर्ट यांनी ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीत रचलेला हा काल्पनिक ग्रह ध्रुवांजवळचे थोडे बर्फ सोडले तर सगळा वाळूचा आहे. तिथे आलेला ग्रहशास्त्रज्ञ पार्डो काइन्स याला आणखी दोन गोष्टी खटकल्या. जिप्समच्या पांढऱ्या सपाट्या सांगत होत्या की इथे एकेकाळी उघडे पाणी होते. आणि हिरवळ जवळजवळ नसताना हवेत माणसाला पुरेल इतका ऑक्सिजन होता. पाणी कुठे गेले आणि ऑक्सिजन कुठून आला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच प्राण्यात निघाले.

तो प्राणी म्हणजे सँडवर्म, वाळूत पोहणारा महाकाय कृमी. खोल वाळवंटात ४०० मीटरहून लांब कृमी दिसल्याची नोंद कादंबरीत आहे. तिथले वाळवंटवासी फ्रेमेन त्याला ‘शाई-हुलूद’ म्हणून पूजतात. एवढे धूड जगते कशावर? वाळूतल्या सूक्ष्म प्लवकांवर. ही कल्पना वाटते तितकी अचाट नाही. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, बोटाएवढ्या क्रिलवरच पोसला जातो. फरक पुढे आहे. क्रिल आणि देवमासा ही दोन वेगळी कुळे आहेत. अराकिसवरचे वाळूप्लवक मात्र त्या कृमीचेच बाल्यरूप आहे.

कृमीच्या तोंडातून वाचलेले प्लवक वाढते, वाळूत खोल शिरते आणि त्याचे सँडट्राउट होते. नावात ट्राउट मासा असला तरी हा चामड्यासारखा, अर्धा वनस्पती आणि अर्धा प्राणी असा जीव आहे. विहिरींना बूच मारणारा तो हाच. असंख्य सँडट्राउट जमिनीतले पाणी अडवतात आणि खालच्या सच्छिद्र थरांत कोंडून ठेवतात. प्रौढ कृमीला पाणी म्हणजे विष. तेव्हा पोरांनी घर कोरडे करायचे, मग थोरांनी त्यात नांदायचे, असा हा व्यवहार आहे. अराकिस मुळात कोरडा होता म्हणून तिथे हे कृमी आले, असे नव्हे. त्यांनी तो कोरडा ठेवला आहे.

कोंडलेल्या पाण्यात सँडट्राउटचे मलद्रव्य मिसळते आणि आंबते. कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढत जातो आणि एक दिवस सगळा साठा स्फोटासारखा वर उसळतो. ऊन-वारा लागून त्याचे जे होते, ते ‘स्पाइस’. आयुष्य वाढवणारा आणि अंतराळयानांच्या वाटाड्यांना भविष्याची चाहूल देणारा हाच मसाला. कादंबरीतल्या लढाया त्याच्यासाठी होतात. या उसळीत लक्षावधी सँडट्राउट मरतात. तापमानात पाच अंशांचा फरकही त्यांना मारू शकतो. उरलेले थोडे कोशात निपचित पडतात आणि सहा वर्षांनी सुमारे तीन मीटर लांबीचे कृमी होऊन बाहेर येतात. वाळूवर विखुरलेल्या मसाल्याच्या कणांवर प्लवक पोसते, प्लवकावर कृमी, आणि चक्र पुन्हा सुरू होते. ऑक्सिजनही इथूनच मिळतो. दोनशे मीटरचा मध्यम कृमी दहा चौरस किलोमीटर हिरवळीइतका ऑक्सिजन हवेत सोडतो, असा हर्बर्ट यांचा हिशेब आहे.

जंगलातल्या अन्नजाळ्यात धागे अनेक असतात. एक तुटला तर भार दुसऱ्यावर जातो. अराकिसचे जाळे एकाच धाग्याला गाठी मारून विणले आहे. अन्न, भक्षक, पाण्याचा पहारेकरी आणि प्राणवायूचा कारखाना ही सगळी एकाच जीवाची रूपे आहेत.

या चक्रात बाहेरून ऊर्जा नेमकी कुठून शिरते, हे मात्र कादंबरी उलगडून सांगत नाही. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरचे नामिब वाळवंट या बाबतीत चोख हिशेब देते. तिथल्या कित्येक टेकड्यांवर एकही झाड नाही, तरी त्या जिवंत आहेत. क्वचित पडणाऱ्या पावसानंतर इतरत्र उगवलेले गवत वाळते, त्याचा चुरा वाऱ्याने उडतो आणि टेकड्यांच्या आडोशाला साचतो. भुंगेरे आणि कसरीसारखे कीटक तो खातात, त्यांना सरडे खातात. पाणी येते अटलांटिकवरच्या धुक्यातून. काही भुंगेरे पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोके खाली करून उभे राहतात आणि पाठीवर जमलेला थेंब ओघळून तोंडात येऊ देतात. डोळ्यांसमोर हिरवे पान नाही, पण दूर कुठेतरी पानानेच साठवलेले ऊन वारा इथे आणून टाकतो.

काइन्सने अराकिसला असेच अनेक धागे द्यायचे ठरवले. आधी टेकड्यांच्या वाऱ्याआडच्या उतारांवर वाळू धरून ठेवणारे गवत, मग झुडपे, मग बिळात राहणारे कांगारू-उंदीर, ससे आणि छोटे कोल्हे, त्यांच्यावर ससाणे आणि घुबडे, कीटकांवर लक्ष ठेवायला वटवाघळे. ग्रहावरच्या फक्त तीन टक्के वनस्पती-क्षेत्राला या कामी जुंपले तर चक्र आपोआप फिरू लागेल, असे त्याचे गणित होते. मुदत तीनशे ते पाचशे वर्षे. पुढच्या कादंबऱ्यांत स्वप्न खरे होते, ग्रह हिरवा होतो आणि मोकळे झालेले पाणी कृमींना संपवत जाते. त्यांच्याबरोबर मसालाही आटतो.

गवताने वाळू बांधण्याची ही कल्पना हर्बर्ट यांना आकाशातून सुचली नव्हती. १९५७ साली ते ओरेगॉन राज्यातल्या फ्लोरेन्स गावाजवळ लेखासाठी सामग्री गोळा करायला गेले होते. सरकता वाळूचा लोंढा रस्ते आणि वस्त्या गिळू नये म्हणून अमेरिकेचे कृषी खाते तिथे युरोपातले किनारी गवत लावत होते. तो लेख कधी छापला गेला नाही, पण वाचन वाढत गेले आणि त्यातून ‘ड्यून’ उभी राहिली. गवतानेही आपले काम चोख केले, जरा जास्तच. ते किनाराभर पसरले, वाळूचा प्रवास थांबला, टेकड्यांवर झाडोरा माजला आणि उघड्या वाळूत अंडी घालणाऱ्या स्नोई प्लोव्हर या चिमुकल्या पक्ष्याची जागा आक्रसली. आज त्याच किनाऱ्यावर यंत्रे लावून ते गवत उपटले जाते, वाळूला पुन्हा हलता यावे म्हणून.