'लोकसेवक' कोण? अंतुले खटल्यातील शब्दार्थविचार

शब्दाचा अर्थ प्रयोगावरून ठरतो, हे भाषाशास्त्रातील नित्याचे सूत्र होय. फौजदारी कायद्यात मात्र अर्थनिर्णयाच्या मागोमाग माणसाचे स्वातंत्र्य जाऊ शकते. म्हणून तेथे शब्द अधिक काटेकोरपणे तोलावे लागतात. अब्दुल रहमान अंतुले ह्यांच्यावरील खटला ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

अंतुले १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. सिमेंटचे वाटप आणि त्यांनी स्थापिलेल्या न्यासांना मिळालेल्या देणग्या ह्यांचा परस्परसंबंध असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन ह्यांनी जानेवारी १९८२ मध्ये दिला. अंतुल्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. आमदारकी मात्र राहिली. त्याच वर्षी रामदास नायक ह्यांनी त्यांच्याविरुद्ध फिर्याद दाखल केली.

येथून शब्दांचा वाद सुरू होतो. १९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लोकसेवकावर खटला चालविण्यास पूर्वमंजुरी आवश्यक होती. प्रामाणिक अधिकाऱ्यास खोडसाळ फिर्यादींपासून संरक्षण मिळावे, हा तिचा हेतू. तेव्हा आमदार हाही लोकसेवकच होय, असे आरोपीने म्हणावे आणि तो लोकसेवक नव्हे, असे फिर्यादीने म्हणावे, अशी उफराटी स्थिती निर्माण झाली. विशेष न्यायाधीशांनी जुलै १९८३ मध्ये आरोपीचे म्हणणे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८४ रोजी ते फेटाळले.

भारतीय दंड संहितेच्या कलम २१ मधील व्याख्येत 'सरकारच्या सेवेत अथवा वेतनावर असलेली व्यक्ती' अशा आशयाचे शब्द होते. 'अथवा' हे अव्यय येथे खरोखर विकल्प दाखविते, म्हणजे सेवेत नसूनही वेतनावर असणे शक्य आहे, हे न्यायालयाने मानले. आमदारास वेतन मिळते हेही निर्विवाद. परंतु ते 'सरकारचे' वेतन आहे काय? दंड संहितेतील 'सरकार' म्हणजे कार्यकारी शासन. आमदाराचे वेतन विधिमंडळाने केलेल्या कायद्याने ठरते. सबब आमदार ह्या व्याख्येत बसत नाही. शिवाय ज्या पदाचा दुरुपयोग झाल्याचा आरोप आहे ते पद सुटले असल्याने मंजुरीचा प्रश्नच उरत नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

परिणाम मोठा चमत्कारिक झाला. पालघर तालुक्यातील एडवणसारख्या गावच्या ग्रामपंचायतीचा साधा सदस्यही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील स्पष्ट तरतुदीमुळे लोकसेवक. आणि त्या गावाने मत देऊन विधानसभेत पाठविलेला प्रतिनिधी मात्र लोकसेवक नव्हे! लोकभाषेला हे पटणे कठीण. पण लोकव्यवहारातील अर्थ व्याख्येत घुसडण्याचा अधिकार न्यायाधीशास नाही, आणि माझ्या मते तो नसावाही; व्याख्या बदलणे हे विधिमंडळाचे काम. पुढे १९८८ च्या नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या पदधारकांना 'लोकसेवक' ह्या संज्ञेत घेतले आणि १९९८ मध्ये नरसिंह राव प्रकरणात संसद सदस्य लोकसेवक ठरले. पद सोडलेल्यांनाही मंजुरीचे संरक्षण २०१८ च्या दुरुस्तीने दिले.

दुसरा वाद एका चिमुकल्या शब्दाचा आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. १९८४ च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने हा खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपविला होता. हेतू विलंब टाळण्याचा. परंतु १९५२ च्या कायद्यानुसार असे खटले विशेष न्यायाधीशांकडे'च' चालावयाचे होते. इंग्रजी पाठातील 'ओन्ली'चे काम मराठीत हा एकाक्षरी 'च' करतो. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने आपल्याच न्यायालयाचा तो आदेश रद्द केला. त्या आदेशापूर्वी ह्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकलेले नव्हते. खटला थेट उच्च न्यायालयात गेल्याने तेथे अपील करण्याचा त्याचा हक्क नष्ट झाला. आणि इतर आरोपींहून त्यास वेगळी वागणूक मिळाली. संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ शी हे विसंगत ठरले. न्या. वेंकटचलय्या ह्यांनी भिन्नमत नोंदविले. अंतिम झालेला आदेश अशा रीतीने पुन्हा उघडता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

ह्या साऱ्यात वर्षे लोटली. तेव्हा अंतुल्यांनी विलंबाचाच प्रश्न न्यायालयापुढे नेला. १० डिसेंबर १९९१ च्या निकालात शीघ्र न्यायचौकशीचा हक्क अनुच्छेद २१ मधूनच निघतो आणि तो तपासापासून अपील व फेरचौकशीपर्यंत प्रत्येक टप्प्यास लागू आहे, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले. मात्र वर्षांची ठराविक मर्यादा आखून देण्यास नकार दिला. माजी मुख्यमंत्र्याच्या याचिकेवरील हा निर्णय आज कच्च्या कैदेतील निर्धन आरोपीचा वकीलही आधारास घेतो.