रक्तातला अनोळखी जीव

काचपट्टीवर लाल पेशींच्या गर्दीत लाल पेशीच्या तिप्पट लांबीचा, शेपटीवाला एकपेशीय जीव दिसला, तर त्याचे कूळ सूक्ष्मदर्शक सांगतो. मधोमध केंद्रक, कडेला लाटदार पडदा, म्हणजे ट्रिपॅनोसोमा. पण नेमकी जात सांगायला डोळा अपुरा पडतो. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हे जीव झुंडीने सापडले. पाच महिने ताप यायचा-जायचा आणि त्याबरोबर त्यांची संख्याही वर-खाली व्हायची. ट्रिपॅनोसोमामुळे माणसाला होणारा निद्रारोग आफ्रिकेतला. तो पसरवणारी त्सेत्से माशी भारतात नाही. जनावरांना सर्रा हा आजार आणणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी मात्र इथे जुनाच, चावऱ्या माश्यांच्या सोंडेतून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाणारा. दिसायला तो आफ्रिकी भावंडासारखाच. म्हणून नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी रक्तद्रव व डीएनए चाचण्यांची साक्ष काढली, आणि 2005 मध्ये जात पक्की नोंदली गेली: इव्हान्सी. सुरामिन देऊन रुग्णावर उपचार झाले.

मग निवाडा डीएनएच देणार असेल तर सूक्ष्मदर्शक हवा कशाला? कारण डीएनए चाचणी विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर देते. हिवतापाची चाचणी केली तर ती हिवताप नाही एवढेच सांगेल. काय आहे, ते आधी कुणाला तरी दिसावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतक्या दुर्मिळ आजाराची काळजी कशाला? 2006 मध्ये कळले की या रुग्णाच्या एपीओएल1 या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. हे जनुक जे प्रथिन बनवते, तेच एरवी आपल्या रक्तात या परजीवीला मारते. म्हणजे हा लाखातला अपवाद, असे म्हणता आले असते. पण 2016 मध्ये व्हिएतनाममधून जनुक शाबूत असलेल्या रुग्ण स्त्रीची नोंद आली. चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याच्या गावात 1,806 जणांची तपासणी झाली, तेव्हा 60 जणांच्या रक्तद्रवात या परजीवीविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त आढळले. त्यांच्या रक्तात परजीवी मात्र दिसला नाही. संपर्क वारंवार येतो, आजार क्वचितच जडतो, असाच याचा अर्थ लागतो.

सातारा-सांगलीसाठी हे दूरचे नाही. माण, खटाव, आटपाडी हा खिलार बैलांचा मुलूख. इथे शेतकरी आणि गोठा यांच्यात भिंतीचेच अंतर असते. बैलाची काचपट्टी शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जाईल, तापलेल्या धन्याची मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. या दोन टेबलांवरच्या माणसांनी एकमेकांना फोन करायला हवा, आणि न उतरणाऱ्या तापाच्या केसपेपरावर गोठ्यातल्या आजाराची एक ओळ लिहिली जायला हवी.