बाटलीचा कायदा आणि पंप धरणारा माणूस

मागच्या महिन्यात एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, मला कीटकनाशकांच्या अवशेषांवर पीएच.डी. करायची आहे. कायदा वाचावा लागतो का? तो तर वकिलांचा विषय आहे ना?" दोन वर्षांपूर्वी मीही असंच समजत होते. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये मी "कीटकनाशके व तणनाशके" असं लिहिलं होतं. गाइडनी पेनने गोल केला आणि विचारलं, "कायद्यात ही दोन वेगळी आहेत का?" मला उत्तर देता आलं नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याच्या व्याख्येत बुरशीनाशकंही येतात आणि तणनाशकंही. म्हणजे सरकारी आकडा "कीटकनाशक" म्हणतो तेव्हा त्यात पॅराक्वाटसारखं तणनाशकही असू शकतं. हे माहीत नसताना मी दोन सरकारी तक्ते शेजारी शेजारी ठेवून तुलना करत बसले होते. तीन आठवडे वाया.

म्हणून आज रसायनशास्त्र थोडं आणि कायदा जास्त. उदाहरण घरचंच घेऊ, यवतमाळ जिल्ह्याचं.

2017 चा पावसाळा आठवा. त्या हंगामात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना 800 च्या आसपास लोकांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक जण गेले. त्यात शेतकरी होते, सालगडी होते, रोजाने फवारायला जाणारे मजूर होते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात खाटा कमी पडल्या. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी बीटीला दाद देत नव्हती, एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. (हो, आपण त्याला "औषध"च म्हणतो. प्रश्नावलीत "विष" किंवा "रसायन" लिहून गेलात तर माणूस गोंधळतो, उत्तर भलतंच येतं.) सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं.

मग नोव्हेंबर 2017 मध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत पाच उत्पादनांवर बंदी घातली: प्रोफेनोफॉस 40 टक्के + सायपरमेथ्रिन 4 टक्के, फिप्रोनिल 40 + इमिडाक्लोप्रिड 40, अ‍ॅसिफेट 75, डायफेन्थियुरॉन 50 आणि मोनोक्रोटोफॉस 36. मुदत होती 60 दिवस.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. माणसं मेली आणि बंदी फक्त दोन महिने? पण हा 60 चा आकडा कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीचा नाही, तो कलम 27 मधला आहे. एखादं कीटकनाशक माणसांना किंवा जनावरांना धोक्याचं आहे असं वाटलं तर चौकशी होईपर्यंत सरकार त्याची विक्री किंवा वापर जास्तीत जास्त 60 दिवस थांबवू शकतं. चौकशी अपुरी राहिली तर आणखी 30 दिवस, बस. कायमची बंदी राज्याच्या हातात नाही. चौकशीत धोका सिद्ध झाला तर नोंदणी रद्द करायची की नाही, ते केंद्र ठरवतं. आता कपाशीचं वेळापत्रक या तारखांशेजारी ठेवा. फवारण्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबरात वेचणी सुरू झालेली असते. म्हणजे बंदी लागू झाली तेव्हा पंप बहुतेक कोपऱ्यात गेले होते.

पाचपैकी एकाचं, मोनोक्रोटोफॉसचं, पुढे काय झालं बघा. भाजीपाल्यावर त्याला आधीच मनाई होती. 2013 मध्ये बिहारच्या छपऱ्याजवळ शाळेच्या माध्यान्ह भोजनातून 23 मुलं दगावली, ती याच रसायनाने. 2020 च्या मे महिन्यात केंद्राने 27 कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात हे होतं. अंतिम आदेश आला सप्टेंबर 2023 मध्ये, तोही शिल्लक साठा संपवायला मुदत देऊन. यवतमाळच्या त्या हंगामापासून मोजलं तर सहा वर्षं. संशोधक म्हणून तुम्हाला ही सहा वर्षं उपयोगाची आहेत, कारण "बंदीपूर्व" आणि "बंदीनंतर" असा अभ्यास आखताना रेघ 2017 ला ओढायची, 2023 ला ओढायची की मुदत संपली तिथे, हे आधी ठरवावं लागतं. मी तर म्हणेन कृषी केंद्राच्या बिलबुकात शेवटची बाटली कधी विकली गेली ते शोधा.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेला भाग. या कायद्यात बाटलीची काळजी फार बारकाईने घेतली आहे. कारखान्याचा परवाना, नोंदणी, लेबलवरचा त्रिकोण लाल की पिवळा की निळा की हिरवा, सगळं लिहिलेलं आहे. विक्रेत्याकडे तर शिक्षणही मागितलं आहे. 2015 पासून नियम असा की परवान्यासाठी कृषी, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान किंवा रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्र यातली पदवी हवी. जुन्या दुकानदारांसाठी पुढे मुदतवाढ आणि छोट्या अभ्यासक्रमाची वाट काढली गेली. म्हणजे माझी पीएच.डी. अडकली तर मी उद्या कृषी केंद्र टाकू शकते. (घरचे ऐकतायत असं समजून हे लिहिलेलं नाही.) 2022 च्या शेवटी ऑनलाइन विक्रीलाही नियमांत जागा मिळाली.

आणि पंप पाठीवर घेणारा माणूस? 1971 च्या नियमांत एक अख्खं प्रकरण संरक्षक कपडे, श्वसनाचे मास्क, प्रथमोपचार, प्रशिक्षण यावर आहे. कीटकनाशक बनवताना, वाहून नेताना किंवा वापरताना त्याच्या संपर्कात येणाऱ्याची वैद्यकीय तपासणी कामावर ठेवण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने व्हावी, असंही त्यात आहे. वाचून बरं वाटतं. मग तुम्ही कलम 38 वर येता. स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवर कुणी कीटकनाशक वापरलं, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही! हेतू समजू शकतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या मागे इन्स्पेक्टर लावता येणार नाही. पण जिल्ह्यातली जवळपास सगळी फवारणी तर अशाच जमिनीवर होते. आणि जो मजूर दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारतो, तो या सवलतीच्या आत की बाहेर? जमीन त्याच्या कसणुकीत नाही, पण त्याला "कामावर ठेवलं" असा कागदही नाही. मी वकील नाही, उत्तर देणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी कायदा आणि विज्ञान दोन्ही वाचणारा असेल तर प्रबंधाचा विषय इथे तयार पडला आहे.

हाच मजूर भरपाईच्या बाजूनेही निसटतो. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत फवारणीची विषबाधा धरलेली आहे, मृत्यू झाला तर 2 लाख रुपये. 2023 पासून विमा कंपनी मधून काढून सरकार थेट अनुदान देतं, ही चांगली सुधारणा. पण लाभार्थी कोण? सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला एक जण. भूमिहीन मजुराचं नाव सातबाऱ्यावर कुठून येणार? 2017 मध्ये मृतांच्या कुटुंबांना सरकारने वेगळी मदत जाहीर केली, पण ती त्या घटनेपुरती.

"मग यात प्रयोगशाळेचा काय संबंध?" संबंध नोंदीचा आहे. कलम 26 म्हणतं की विषबाधेच्या घटना कळवणं राज्य सरकार अधिसूचना काढून बंधनकारक "करू शकतं". करायलाच हवं असं नाही. ही नोंद नीट नसेल तर कलम 27 खालची चौकशी कशाच्या आधारावर करायची? दवाखान्यात केस पेपरवर "अज्ञात विष" लिहिलं गेलं, रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी त्या दिवशी झाली नाही, तर नंतर कितीही भारी यंत्र आणा, उपयोग नाही. ऑर्गनोफॉस्फेट हे एन्झाइम दाबतं, म्हणून ही तपासणी. पण डायफेन्थियुरॉन त्या गटातलं नाही, तिथे कोलिनेस्टरेज नॉर्मल येऊ शकतं आणि माणूस तरीही आजारी असतो. मिश्रण मारलं असेल तर आणखीच घोळ. नोंदणी एकेका उत्पादनाची होते, पंपात मात्र तिघं एकत्र असतात. त्या तिघांच्या मिश्रणाची विषारी मात्रा कोणत्याही लेबलवर नसते.

नोंद असली की काय होतं त्याची दोन उदाहरणं. केरळच्या कासरगोडमध्ये एंडोसल्फानग्रस्तांची सरकारी यादी होती. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये एंडोसल्फान थांबवलं आणि जानेवारी 2017 मध्ये बाधितांना प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितलं, तेव्हा "बाधित कोण?" हा प्रश्न शून्यातून सुरू झाला नाही. दुसरं उदाहरण आपलंच. "पब्लिक आय" या स्विस संस्थेने यवतमाळच्या पोलीस नोंदी बाहेर आणल्या, त्यात सिंजेंटाच्या "पोलो" (म्हणजे डायफेन्थियुरॉन) या उत्पादनाचं नाव 96 प्रकरणांत होतं. कंपनीने जबाबदारी नाकारली. 2020 मध्ये जिल्ह्यातल्या दोन मृत शेतकऱ्यांच्या कुटुंबांनी आणि एका वाचलेल्या शेतकऱ्याने स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. त्याच वर्षी स्विस सरकारने पाच कीटकनाशकांची निर्यात 1 जानेवारी 2021 पासून बंद करायचं ठरवलं, त्या पाचांत डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस दोन्ही आहेत. म्हणजे आपल्या ठाण्यातल्या हवालदाराने मर्ग दाखल करताना बाटलीवरचं नाव लिहिलं की नाही, याने बासेलमध्ये फरक पडतो.

सध्या काय चाललंय तेही बघून ठेवा. 2023 मध्ये राज्य सरकारने बोगस बियाणं-कीटकनाशक विकणाऱ्यांविरुद्ध कडक विधेयकं आणली, त्यात अशा विक्रेत्यांना एमपीडीएखाली आणायची तरतूद होती. कृषी केंद्रचालकांनी 2 ते 4 नोव्हेंबर 2023 दुकानं बंद ठेवली. सीलबंद आलेला माल आम्ही बनवत नाही, मग गुन्हेगार आम्ही कसे, हा त्यांचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही. पण गंमत बघा, भांडण पुन्हा बाटलीचंच होतं. केंद्राच्या बाजूने 2020 मध्ये कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक राज्यसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि जानेवारी 2026 मध्ये नवा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला. असा मसुदा हातात घ्याल तेव्हा शिक्षेची कलमं नंतर वाचा. आधी तीन गोष्टी शोधा: विषबाधेची नोंद सक्तीची आहे की ऐच्छिक, राज्याला किती दिवसांची बंदी घालता येते, आणि जुन्या कलम 38 ची सवलत कोणत्या शब्दांत उरली आहे.

मी माझी प्रश्नावली यानंतर बदलली. आधी सातवा प्रश्न होता, "कोणतं कीटकनाशक वापरलं?" आता तो असा आहे: पंपात काय काय मिसळलं, बाटल्या अजून घरी आहेत का, दिवसाला किती पंप मारले, आणि वावर कुणाचं होतं. शेवटच्या तुकड्यावर लोक थोडं थांबतात, मग सांगतात.